हाडांच्या नोंदी कोणाच्या हातात? डॉ. मॉन्टेग्यू कॉब यांचे जीवनकार्य

समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात हर्बर्ट रिस्ले यांचे नाव हमखास येते. नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड वंशावर बसवू पाहणारा हा इंग्रज अधिकारी १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त होता. त्याच्या मोजमापाने आपल्या समाजाला कुठे बसवले, हे आम्ही एम.ए.ला असताना परीक्षेपुरते वाचले. मात्र त्यानंतर तीसेक वर्षांनी अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय डॉक्टरने तशीच मोजमापाची साधने स्वतःच्या हातात घेतली, मेलेल्या गरिबांच्या हाडांची एकेक नोंद केली आणि त्या नोंदींच्या बळावर वंशश्रेष्ठत्वाच्या शास्त्राला आव्हान दिले, हे आम्हाला कोणत्याही पाठ्यपुस्तकात भेटले नाही. त्या डॉक्टरचे नाव विल्यम मॉन्टेग्यू कॉब. अमेरिकेतील कृष्णवर्णीय चळवळीत आणि मानववंशशास्त्रात हे नाव मोठे आहे. आपल्या तरुणांना ते फारसे ठाऊक नाही, म्हणून हा लेख.

कॉब यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९०४ रोजी वॉशिंग्टन येथे झाला. वडील छपाईच्या व्यवसायात होते. देशाची राजधानी असली तरी वॉशिंग्टन हे तेव्हा वर्णभेद पाळणारे शहर होते. शाळा वेगळ्या, रुग्णालयातले वॉर्ड वेगळे, वस्त्या वेगळ्या. कृष्णवर्णीय मुलांसाठी असलेल्या डनबार हायस्कूलचा दर्जा मात्र उत्तम होता. उच्च पदव्या घेतलेल्या कृष्णवर्णीय शिक्षकांना गोऱ्यांच्या महाविद्यालयांची दारे बंद होती, त्यामुळे असे अनेक विद्वान शाळेत शिकवत. ज्या भेदभावाने शिक्षकांची वाट अडवली, त्याच भेदभावामुळे विद्यार्थ्यांना असे शिक्षक मिळाले. १९२१ मध्ये कॉब तिथून उत्तीर्ण झाले आणि मॅसॅच्युसेट्समधील ॲमहर्स्ट महाविद्यालयात गेले. अभ्यासात हुशार, लांब पल्ल्याच्या शर्यतीत आणि मुष्टियुद्धात पुढे, व्हायोलिन वाजवणारा असा हा तरुण होता. १९२५ मध्ये पदवी मिळाल्यावर जीवशास्त्रातील गुणवत्तेसाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीवर ते वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत शिकले. पुढे हॉवर्ड विद्यापीठातून १९२९ मध्ये ते डॉक्टर झाले.

हॉवर्ड विद्यापीठाविषयी थोडे सांगायला हवे. गुलामगिरी संपल्यानंतर १८६७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये ते सुरू झाले. देशातील बहुसंख्य कृष्णवर्णीय डॉक्टर हॉवर्ड आणि टेनेसी राज्यातील मेहॅरी या दोनच संस्थांतून बाहेर पडत. १९२९ मध्ये न्यूमा ॲडम्स हे हॉवर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले कृष्णवर्णीय अधिष्ठाता झाले. निव्वळ डॉक्टर घडवून भागणार नाही, संशोधकही आपल्यातूनच उभे राहिले पाहिजेत, अशी त्यांची भूमिका होती. त्यासाठी त्यांनी निवडक तरुणांना वेगवेगळ्या विषयांत उच्च शिक्षणासाठी बाहेर पाठवले. कॉब यांच्या वाट्याला शरीररचनाशास्त्र आणि शारीरिक मानववंशशास्त्र आले. माणसाच्या शरीराची, विशेषतः हाडांची मोजमापे घेऊन मानवी समूहांचा अभ्यास करणारे हे शास्त्र.

या शास्त्राचा तोपर्यंतचा इतिहास कृष्णवर्णीयांसाठी अपमानाचा होता. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल मॉर्टन या डॉक्टरने जगभरातून सुमारे हजार कवट्या जमवल्या. कवटीच्या आतली जागा मोजायची आणि त्यावरून कोणत्या वंशाचा मेंदू मोठा हे ठरवायचे, असा त्याचा उद्योग होता. १८३९ मध्ये त्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या आकड्यांत गोरे वर आणि आफ्रिकी वंशाचे लोक तळाशी होते, आणि गुलामगिरीच्या समर्थकांना हा आधार सोयीचा वाटला. कवट्या कोणाच्या होत्या? त्यांत गुलामांच्या होत्या, थडग्यांतून उकरलेल्या आदिवासींच्या होत्या, धर्मादाय रुग्णालयांत मेलेल्या गरिबांच्या होत्या. ज्यांना जिवंतपणी माणूस मानले नाही, त्यांनाच मेल्यावर पुरावा म्हणून वापरले गेले.

अशा शास्त्रात एक कृष्णवर्णीय तरुण शिरला. ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहरात वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठ होते. तिथे टी. विंगेट टॉड हे प्राध्यापक मानवी सांगाड्यांचा मोठा संग्रह उभा करत होते. वंशांमध्ये बुद्धीची किंवा क्षमतेची उतरंड असते, हे टॉड यांना मान्य नव्हते. त्या काळातल्या अमेरिकन शास्त्रज्ञांत ही भूमिका दुर्मीळ होती. कॉब यांनी त्यांच्या हाताखाली काम केले आणि १९३२ मध्ये पीएच.डी. मिळवली. शारीरिक मानववंशशास्त्रात ही पदवी मिळवणारे ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन होत. त्यांच्या प्रबंधाच्या नावाचा अर्थ मानवी अभिलेखागार असा होतो. अमेरिकेतल्या कोणत्या संस्थेत अभ्यासासाठी मानवी सांगाडे आहेत, ते कुठून आले, त्यांच्यासोबत कोणती माहिती आहे आणि ती कशी जपली आहे, याचा आढावा त्यांनी घेतला. १९३३ मध्ये या विषयावरचा त्यांचा लेख शारीरिक मानववंशशास्त्राच्या मुख्य नियतकालिकात छापून आला. आज संगणकावर ज्याला आपण डेटाबेस म्हणतो, त्याचीच ही कागदावरची पूर्वतयारी होती.

सांगाड्याची नोंद म्हणजे नेमके काय, हे समजून घेतले की कॉब यांच्या कामाचे मोल कळते. रुग्णालयात किंवा धर्मशाळेत एखादी व्यक्ती मरण पावली आणि प्रेतावर हक्क सांगायला कोणी आले नाही, तर कायद्यानुसार ते प्रेत वैद्यकीय महाविद्यालयाकडे जाई. तिथे मृताचे नाव, वय, लिंग, वंश, मृत्यूची तारीख आणि मृत्यूचे कारण लिहून घेतले जाई. शरीराची मोजमापे घेतली जात. विद्यार्थ्यांचे शवविच्छेदन संपल्यावर हाडे स्वच्छ करून वाळवली जात आणि हाडांवर क्रमांक घातला जाई. तोच क्रमांक कागदावर. हाड आणि कागद यांची सांगड सुटली की सांगाडा मुका होतो. सांगड टिकली तर तो पुष्कळ बोलतो. क्षयरोग मणक्यांवर खुणा ठेवतो. उपदंश नडगीच्या हाडावर दिसतो. लहानपणी पोटाला पुरेसे मिळाले नाही, तर त्याची आडवी रेघ दातांवर राहते. आयुष्यभर ओझी वाहणाऱ्याच्या हाडांवर, स्नायू जिथे चिकटतात त्या जागा जाडजूड झालेल्या असतात.

नोंदीचा आणखी एक उपयोग आहे. ज्याचे वय कागदावर आहे असे शेकडो सांगाडे एकत्र असले, तर वाढत्या वयाबरोबर हाडांत कोणते बदल होतात याचा क्रम लावता येतो. टॉड यांनी १९२० मध्ये ओटीपोटाच्या पुढच्या सांध्यावरून वय ओळखण्याचे दहा टप्पे मांडले. त्यात पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या, तरी अनोळखी सांगाड्याचे वय ठरवताना न्यायवैद्यक तज्ज्ञ आजही याच मार्गाने जातात. कवटीच्या हाडांमधले सांधे वयानुसार कसे बुजतात, यावर कॉब यांनी वर्षानुवर्षे काम केले. हे सांधे वय सांगण्यासाठी फारसे भरवशाचे नाहीत, हे दाखवून देण्यातही त्यांचा वाटा आहे.

१९३२ मध्ये ते हॉवर्डला परतले आणि शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. तिथे त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा उभारली. निधी तुटपुंजा, जागा अपुरी, शिकवण्याचा भार मोठा. तरीही पुढच्या साडेतीन दशकांत सहाशेहून अधिक सांगाडे नोंदींसह तिथे जमा झाले. त्यांतले बहुतेक वॉशिंग्टनच्या गरीब कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांचे आहेत. मोठ्या मंदीच्या आणि वर्णभेदाच्या काळात जगलेली ही माणसे. मोलकरणी, हमाल, बेकार, बेघर. त्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. त्यांच्या शरीरावर गरिबीने काय केले, याचा जो पुरावा आज उरला आहे, त्यातला मोठा भाग या संग्रहात आहे.

कॉब यांचा हेतू स्पष्ट होता. आमच्या शरीराविषयी दुसऱ्यांनी लिहायचे आणि आम्ही ते सोसायचे, हे त्यांना संपवायचे होते. कृष्णवर्णीय अभ्यासकांना स्वतः मोजता यावे, तपासता यावे, खोडून काढता यावे, अशी जागा त्यांना हवी होती.

त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९३६ चे आहे. कृष्णवर्णीय धावपटू शर्यती जिंकू लागले होते आणि जेसी ओवेन्सचे नाव सगळीकडे गाजत होते. त्याच वर्षी बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये हिटलरच्या डोळ्यांदेखत त्याने चार सुवर्णपदके पटकावली. कृष्णवर्णीय जिंकतात हे नाकारता येईना, तेव्हा काही जाणकारांनी नवी पळवाट काढली. त्यांच्या टाचेचे हाड लांब असते, पोटरीची ठेवण वेगळी असते, म्हणून ते पळतात, असे सांगितले जाऊ लागले. म्हणजे कष्ट, सराव, शिस्त यांचे श्रेय खेळाडूला मिळू नये, ते हाडाला मिळावे. कॉब यांनी ओवेन्सलाच प्रयोगशाळेत बोलावले. त्याच्या पायाची मोजमापे घेतली, क्ष-किरण चित्रे काढली. जी लक्षणे कृष्णवर्णीयांची म्हणून सांगितली जात होती, ती ओवेन्सच्या पायात सापडली नाहीत. त्याची पोटरी आणि टाच तेव्हाच्या पुस्तकांतल्या गोऱ्या नमुन्याशी अधिक जुळत होती. इतर कृष्णवर्णीय धावपटूंमध्येही सगळ्यांत समान असे एकही शारीरिक लक्षण नव्हते. त्यांतले काही तर अनोळखी माणसाला गोरेच वाटावेत असे होते. मग त्यांना जोडणारे सूत्र शरीरात कुठे आहे? कॉब यांचा निष्कर्ष असा की वेग सरावातून आणि संधीतून येतो, वंशातून येत नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. आमचा वंश तुमच्यापेक्षा वेगवान, असे म्हणण्याची आयती संधी कॉब यांच्यापुढे होती. आपल्या लोकांनी टाळ्याही वाजवल्या असत्या. ती त्यांनी घेतली नाही. श्रेष्ठत्वाचा दावा ज्या पायावर उभा असतो, तो पायाच त्यांनी काढून घेतला.

बाबासाहेबांनी याच दशकांत भारतात जे केले, ते याच्याशी जुळणारे आहे. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांवरील ग्रंथात अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात आहे हा सिद्धान्त त्यांनी तपासायला घेतला. त्यासाठी त्यांनी डॉ. घुर्ये यांनी मांडलेली नासिकामापनाची आकडेवारी वापरली. प्रांताप्रांतांतील ब्राह्मण आणि अस्पृश्य यांची मापे शेजारी ठेवली आणि दाखवून दिले की ही मापे खरी मानली, तर दोघे एकाच वंशाचे ठरतात. जातीचा उगम नाकात किंवा रक्तात नाही, तो समाजरचनेत आणि सत्तासंबंधांत शोधावा लागतो. कॉब आणि बाबासाहेब यांची भेट झाल्याचे आमच्या वाचनात नाही. पण दोन चळवळींत संवाद होता. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची माहिती मागवली होती. ड्युबॉइस ज्या एनएएसीपी या संघटनेच्या संस्थापकांपैकी होते, त्याच संघटनेचे कॉब पुढे अध्यक्ष झाले.

म्हणूनच आपल्या मोबाईलवर रोज फिरणारे संदेश पाहून आम्हाला काळजी वाटते. अमक्या डीएनए अहवालाने सिद्ध झाले की ते परके आणि आपण मूळचे, असे दाखले आपले कार्यकर्तेही सभांमधून देतात. लोकसंख्येच्या स्थलांतराचा अभ्यास जरूर व्हावा, आपल्या मुला-मुलींनी तो करावा. पण माणसाचा हक्क त्याच्या रक्ताच्या वयावर ठरवू लागलो, तर रिस्लेची पट्टी आपणच पुन्हा हातात घेतो. समतेची मागणी कोणत्याही प्रयोगशाळेच्या निकालावर अवलंबून ठेवणे धोक्याचे आहे. उद्या निकाल उलटा आला तर आपण हक्क सोडणार आहोत का?

कॉब यांचेही सगळेच म्हणणे आज जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. १९३९ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोकसंख्येवर लिहिताना त्यांनी असा युक्तिवाद केला की गुलामांच्या जहाजांचा प्रवास आणि मळ्यांवरचे हाल सोसून जे उरले, ते शरीराने चिवट होते. आपल्या लोकांना कमकुवत ठरवणाऱ्यांना ते उत्तर होते. पण छळातून बळकट वंश घडतो, ही कल्पना पुढच्या अभ्यासकांनी मान्य केलेली नाही. थोर माणसाच्या चुका त्याच्या काळात ठेवून पाहाव्यात, झाकू मात्र नयेत.

प्रयोगशाळेतल्या नोंदी कॉब यांना रस्त्यावरच्या प्रश्नाकडे घेऊन गेल्या. कृष्णवर्णीय माणसे क्षयाने आणि बाळंतपणात जास्त का मरतात? वंश दुबळा म्हणून मरतात, असे म्हणणारे पुष्कळ होते. कॉब यांनी डॉक्टर किती, खाटा किती, कोणाला आत घेतात, कोणाला दारातून परत पाठवतात, याचा हिशेब मांडला. १९४७ आणि १९४८ मध्ये एनएएसीपीसाठी त्यांनी कृष्णवर्णीयांच्या आरोग्यसेवेवर दोन पुस्तिका लिहिल्या. गोऱ्या डॉक्टरांच्या स्थानिक संघटना कृष्णवर्णीय डॉक्टरांना सभासद करत नसत, आणि सभासदत्व नाही म्हणून रुग्णालये त्यांना रुग्ण दाखल करू देत नसत. १९४६ च्या कायद्याने सरकारी पैशातून नवी रुग्णालये बांधायला सुरुवात झाली, पण त्याच कायद्याने वेगवेगळ्या सोयी ठेवायला मुभा दिली होती.

कृष्णवर्णीय डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेचे नियतकालिक कॉब यांनी १९४९ पासून १९७७ पर्यंत संपादित केले. १९५७ ते १९६३ या काळात दरवर्षी त्यांनी रुग्णालयांतील वर्णभेद संपवण्यासाठी परिषद भरवली. प्राचीन इजिप्तमधील वैद्य इम्होटेप याचे नाव तिला दिले. या नावाचा अर्थ शांततेने येणारा असा आहे. मोठ्या गोऱ्या वैद्यकीय संस्थांनी या परिषदांकडे बव्हंशी पाठ फिरवली. समजावून सांगून दार उघडत नाही हे स्पष्ट झाल्यावर न्यायालय आणि कायदा हाच मार्ग उरला. १९६३ मध्ये सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयांना भेदभाव करता येणार नाही असा महत्त्वाचा निकाल लागला. १९६४ मध्ये नागरी हक्क कायदा झाला. त्याच वर्षी कॉब कृष्णवर्णीय डॉक्टरांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर ही सरकारी आरोग्य विमा योजना आली. देशातील मुख्य वैद्यकीय संघटनेने तिला कडाडून विरोध केला होता, तर कॉब यांची संघटना तिच्या बाजूने उभी होती. योजनेचा पैसा हवा असेल तर वर्णभेद सोडा, ही अट लागू झाली आणि हजारो रुग्णालयांनी आपले दरवाजे उघडले.

१९५७ ते १९५९ मध्ये ते अमेरिकेच्या शारीरिक मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. त्या पदावर बसलेले ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन. हॉवर्डमध्ये १९४७ पासून ते शरीररचनाशास्त्राचे विभागप्रमुख होते. हजारो विद्यार्थी त्यांच्या हाताखालून गेले. १९६९ मध्ये मात्र त्यांच्याच विद्यार्थ्यांनी त्यांच्या शिकवण्याच्या पद्धतीविरुद्ध आंदोलन केले आणि त्यांना विभागप्रमुखपद सोडावे लागले. चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसासाठी हे कडू होते. ते विद्यापीठात राहिले, लिहीत राहिले. हजाराहून अधिक लेख त्यांच्या नावावर आहेत. १९७६ ते १९८२ या काळात ते एनएएसीपीचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. २० नोव्हेंबर १९९० रोजी वॉशिंग्टन येथेच, वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या निधनाच्या चारच दिवस आधी, १६ नोव्हेंबर १९९० रोजी, अमेरिकेत एक कायदा झाला. संग्रहालयांत आणि विद्यापीठांत असलेल्या आदिवासींच्या अस्थींची यादी करावी आणि त्या त्यांच्या वारसांना किंवा जमातींना परत कराव्यात, असा तो कायदा. कृष्णवर्णीयांच्या अस्थींना तो लागू नाही. यामुळे कॉब यांच्या संग्रहाबद्दलही अवघड प्रश्न पुढे येतो. त्या सहाशेहून अधिक माणसांना कोणी विचारले होते का? नाही. त्यांची प्रेते बेवारस ठरली, कारण दफनाचा खर्च करायला कोणाकडे पैसे नव्हते. गोळा करणारा हात आपल्या माणसाचा होता, हेतू चांगला होता, नोंद प्रामाणिक होती. तरीही संमती नव्हती. आमच्या मते या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगायला हव्यात. एक सांगून दुसरी गाळली तर ते चरित्र होत नाही, ती पूजा होते.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. विसाव्या शतकात जगभरातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या टेबलावर जे सांगाडे होते, त्यांतले पुष्कळ भारतातून गेलेले होते. कोलकाता हे या व्यापाराचे केंद्र होते. १९८५ मध्ये भारत सरकारने निर्यातीवर बंदी घातली. त्या हाडांसोबत ना नाव गेले, ना गाव, ना वय. ती हाडे गरिबांची होती, आणि प्रेताशी निगडित काम आपल्या देशात कोणत्या जातींवर लादले गेले, हे तुम्हाला सांगायला नको. कॉब यांच्या संग्रहातल्या माणसाचे निदान नाव कागदावर आहे. आपली माणसे जगभरच्या वर्गांत क्रमांकाविना टांगली गेली.

आजही महाराष्ट्रात १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्यानुसार, हक्क सांगायला कोणी न आलेले मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना शिक्षणासाठी देता येतात. डॉक्टर घडायचे तर शवविच्छेदन लागते, याबद्दल आमचा वाद नाही. पण फुटपाथवर आणि रेल्वेमार्गालगत राहणाऱ्यांसोबत काम करताना आम्ही अशा नोंदी पाहिल्या आहेत. अनोळखी पुरुष, वय अंदाजे पन्नास, अंगावर निळा सदरा. एवढेच. हातावर गोंदलेले नाव असते, गळ्यात एखादा ताईत असतो, खिशात कुठल्याशा गावच्या एसटीचे तिकीट असते. लिहिणाऱ्याने दोन ओळी जास्त लिहिल्या, तर कुणाची तरी आई वाट पाहणे थांबवू शकते. बेवारस हा शब्द माणसाला वारस नसल्याचे सांगत नाही. शोधणारे कमी पडले, एवढेच तो सांगतो.

कॉब यांच्यानंतर त्यांच्या प्रयोगशाळेने एक मोठे काम पार पाडले. १९९१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सरकारी इमारतीच्या पायाचे खोदकाम सुरू असताना अठराव्या शतकातले आफ्रिकी लोकांचे दफनस्थान सापडले. कृष्णवर्णीय समाजाने आंदोलन केले. खोदकाम थांबवावे लागले आणि ४१९ जणांच्या अस्थी हॉवर्डमध्ये मायकेल ब्लेकी यांच्या नेतृत्वाखालील चमूकडे अभ्यासासाठी आल्या. कोणते प्रश्न विचारायचे, हे ठरवताना या वेळी समाजाला विचारले गेले. ही माणसे कुठून आली, त्यांनी काय सोसले, कशाने मेली, हे लोकांना जाणून घ्यायचे होते. त्यांत लहान मुले पुष्कळ होती. अतिकष्टाच्या खुणा हाडांवर स्पष्ट होत्या. न्यूयॉर्कमध्ये गुलामगिरी सौम्य होती असे म्हणणाऱ्यांना त्या हाडांनी उत्तर दिले. सगळी नोंद झाल्यावर ऑक्टोबर २००३ मध्ये त्या अस्थी त्याच भूमीत सन्मानाने पुन्हा दफन करण्यात आल्या. नोंद राहिली, माणसे घरी गेली.

बौद्ध परंपरेला यात नवे काही वाटू नये. १८५१ मध्ये कनिंगहॅम यांनी सांचीचा तिसरा स्तूप उघडला, तेव्हा आतल्या दगडी पेट्यांच्या झाकणांवर सारिपुत्त आणि महामोग्गलान यांची नावे कोरलेली होती. नाव कोरले होते म्हणून तथागतांच्या या दोन पट्टशिष्यांच्या अस्थी दोन हजार वर्षांनी ओळखता आल्या. त्या लंडनला नेल्या गेल्या, बौद्धांनी मागणी लावून धरली आणि १९५२ मध्ये त्या सांचीच्या नव्या विहारात परत आल्या. नावाशिवाय त्या परत मागता आल्या नसत्या.

तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे साधे आहे. आपल्यातल्या मुला-मुलींनी शरीररचनाशास्त्र, न्यायवैद्यक, मानववंशशास्त्र, जनुकशास्त्र या विषयांत शिरावे. नोकरीची हमी नाही म्हणून ही दारे आपण स्वतःच बंद करू नयेत, कारण आपल्याविषयीचे ज्ञान तिथे तयार होते. आपल्या वस्तीत किंवा स्टेशनावर बेवारस मृत्यू झाला, तर पोलीस ठाण्यात आणि शवागारात जाऊन नोंद पुरी झाली का, हे विचारावे. छायाचित्र काढले का, खुणा लिहिल्या का, बेपत्ता व्यक्तींच्या यादीशी मेळ घातला का, हे विचारण्याचा प्रत्येक नागरिकाला हक्क आहे. आणि ज्यांना देहदान करायचे आहे, त्यांनी जिवंतपणी, स्वतःच्या सहीने, घरच्यांना सांगून करावे. वॉशिंग्टनच्या त्या सहाशेहून अधिक माणसांना ती सही करण्याची संधी मिळाली नव्हती. आपल्याला ती आहे.